जोग हा भारतातला सर्वात उंच धबधबा नव्हे

पावसाळा लागला की हा मेसेज हमखास फिरतो: "जोग हा भारतातला सर्वात उंच आणि आशियातला दुसऱ्या क्रमांकाचा धबधबा. नायगाराच्या पाचपट! पण पाऊस कमी झाल्याने हल्ली तो आटत चाललाय." जोग मला फार आवडतो, म्हणूनच त्याच्याबद्दल चुकीचं काही पसरलेलं बघवत नाही.

"भारतातला सर्वात उंच" हे आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत पाठ केलंय. कर्नाटकातल्या जोगची उंची 253 मीटर. धबधब्याची उंची दोन तऱ्हांनी मोजतात: एका झेपेची किंवा सगळ्या टप्प्यांची मिळून. एका झेपेत मेघालयातला सोहराजवळचा (म्हणजे चेरापुंजीजवळचा) नोहकालिकाई 340 मीटर कोसळतो. टप्पे मिळून धरले तर वाराही नदीवरचा कुंचिकल 455 मीटर भरतो, आणि तो जोगच्याच शिवमोग्गा जिल्ह्यात आहे. कसंही मोजा, जोग पहिला येत नाही.

आशियाचं म्हणाल, तर जपानचा शोम्यो 350 मीटरचा. जोगच्या वरचे तीन इथेच झाले.

नायगाराच्या पाचपट हे मात्र खरं. नायगाराची उंची सुमारे 51 मीटरच आहे. त्याचं नाव आहे ते पाण्याच्या लोंढ्यामुळे.

सगळ्यात दिशाभूल करणारा भाग "पाऊस कमी झाला" हा. जोग ज्या शरावती नदीवर आहे, तिचं पाणी जोगच्या वरच्या अंगाला लिंगनमक्की धरणात अडतं. 1964 पासून हे धरण वीजनिर्मितीसाठी पाणी वळवतं. त्यामुळे भर पावसातही धरण भरत आलेलं नसेल, तर कड्यावरून बारीक धारा तेवढ्या उतरतात. दरवाजे उघडले की जोगच्या चार धारांपैकी राजा सरळ खाली झेपावतो, रोअरर बाजूने घुसून मध्यावरच त्याला मिळतो, रॉकेट झोताने बाहेर फेकला जातो आणि राणी कातळावरून फेसाळत घसरते. नायगाराचंही पाणी विजेसाठी वळवतातच. पण अमेरिका आणि कॅनडाने 1950 च्या करारात पर्यटन हंगामात दिवसा सेकंदाला किमान 2,832 घनमीटर पाणी कड्यावरून सोडायचं बंधन घालून घेतलं. म्हणजे धबधब्यात पाणी किती दिसावं हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो. तो पावसाच्या माथी मारू नये.

जोगला निघण्याआधी पावसाचा अंदाज नंतर बघा, लिंगनमक्कीची पातळी आधी बघा. धरण पूर्ण भरलं की ती समुद्रसपाटीपासून 1,819 फूट असते.