झायनमध्ये कुत्रा कुठे चालतो? फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

आर.व्ही. (आत राहण्याझोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन अमेरिकेतल्या युटा राज्यात निघालेल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘झायन नॅशनल पार्कच्या वॉचमन कॅम्पग्राउंडवर कुत्रे चालतात, म्हणजे पार्कभर कुठेही न्या.’ पहिलं खरं, दुसरं चूक.

वॉचमनमध्ये कुत्रा चालतो, वीजजोडणीच्या जागाही आहेत. पण पार्कच्या नियमांप्रमाणे पायवाटांपैकी फक्त ‘पारूस’वर त्याला परवानगी आहे: नदीकाठची, जेमतेम पावणेदोन मैलांची पक्की वाट. पट्टा 6 फुटांपर्यंतचाच. पार्कमध्ये फिरवणाऱ्या शटल बसमध्ये पाळीव कुत्रा घेत नाहीत, आणि वर्षातला बराच काळ आतल्या दरीच्या रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत. कुत्र्याला कॅम्पवर एकटं बांधून ठेवणंही मना.

आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो. भर दुपारी त्या वाटेवर हात टेकवून पाहिला, टेकवेना. आमची कुत्री एकेक पाय उचलून उभी राहिली, तशीच उचलून सावलीत आणली. तेव्हा पहाटेच फिरवा. मोठा ट्रेक करायचा असेल तर कुत्र्याला दिवसभर सांभाळणारं पाळणाघर जवळपास आहे का, हे बुकिंगआधीच विचारा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.