रुंद टायर टाकले की गाडी मऊ चालते? नाही हो

सगळीकडे फिरतंय की टायर बदलताना मोठं रिम आणि रुंद टायर घ्या, गाडी एकदम मऊ आणि शांत चालेल. असं नसतं हो, बहुतेक वेळा उलटंच होतं. टायरवर लिहिलेल्या २०५/५५ आर १६ या साइजमधला २०५ म्हणजे मिमीमधली रुंदी आणि ५५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण ११३ मिमी, आणि त्याजागी २२५/४५ आर १७ टाकला की तीच उंची १०१ वर येते, मग खड्ड्यातला दणका थेट कंबरेत बसतो. रुंद टायरचा आवाजही सहसा जास्तच. त्यापेक्षा कंपनीने दिलेला साइज ठेवा, टूरिंग पॅटर्नचा, म्हणजे आरामशीर आणि शांत प्रवासासाठी बनवलेला टायर बघा. आणि मऊपणासाठी हवा कमी ठेवू नका प्लीज, टायर तापून फुटू शकतो.