बूमलिफ्टवर बेल्ट कशासाठी? एका ठेकेदार दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही. बावीस वर्षं शेड उभारणीत घालवलेला माणूस चिडून लिहितो, तेव्हा त्यामागे काहीतरी पाहिलेलं असतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. माणसांना कामासाठी उंचावर नेणारी कोणतीही लिफ्ट असो, लांब हाताच्या टोकाला बास्केट असलेली बूमलिफ्ट किंवा कात्रीसारखी उघडत सरळ वर जाणारी सिझर लिफ्ट, तिच्यावर चढणाऱ्या प्रत्येकाने हार्नेस, म्हणजे खांद्या-मांड्यांवरून येणारा सेफ्टी बेल्ट, घालून हुक लावलाच पाहिजे, असं मी लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं: पाच मीटरवर बेल्टचा उपयोग शून्य, लॅन्यार्ड (बेल्टपासून हुकापर्यंतचा पट्टा) ताणला जाईपर्यंत माणूस जमिनीवर. सिझर लिफ्टला चारही बाजूंनी कठडा असताना बेल्ट कशाला? आणि लिफ्ट कलंडली तर बांधलेला माणूस तिच्यासोबत जातो, त्याला उडी मारायलाही मिळत नाही. शेवटची ओळ होती, ‘तुम्हा सेफ्टीवाल्यांना फोटोत बेल्ट दिसला की झालं.’

पाच मीटरचं तुमचं गणित बरोबर आहे. साइटवर सर्रास मिळणारा लॅन्यार्ड दोन मीटरचा. त्याच्या शॉक अब्सॉर्बरची, म्हणजे झटका शोषणाऱ्या घडीची, शिवण उसवत गेली की तो आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकतो. बेल्टच्या पाठीवरच्या कडीपासून (डी-रिंग) पायापर्यंत दीड मीटर धरा, खाली एक मीटर मोकळी जागा ठेवा. हुक जिथे लावलाय तिथून खाली सव्वासहा मीटर झाले. बास्केटमधला अँकर पॉइंट, म्हणजे हुक लावायची जागा, तर बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास असतो. म्हणजे पाच मीटरवर हा लॅन्यार्ड लावलेला माणूस जमिनीवर आपटू शकतो. माझ्या लेखात हे यायला हवं होतं, ते आलं नाही. चूक माझी.

पण यातून ‘बेल्ट नको’ असं निघत नाही, ‘हा लॅन्यार्ड नको’ असं निघतं. माणूस पडल्यावर त्याला झेलणं हे एक काम, तो पडूच नये म्हणून त्याला आत धरून ठेवणं हे वेगळं काम. बूमलिफ्टवर आपल्याला दुसरं हवंय. त्यासाठी लॅन्यार्ड आखूड, लांबी कमी-जास्त करता येणारा असावा, आणि तो इतका ओढून घ्यावा की माणूस रेलिंगवरून बाहेर जाऊच शकणार नाही. इपाफ ही लिफ्टवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना बूमसाठी नेमकं हेच सांगते. असा लॅन्यार्ड पाच मीटरवरही तेवढाच कामाचा आणि वीस मीटरवरही.

आता कठडा असताना माणूस बाहेर जाईलच कसा, ते सांगतो. एका गोडाउनच्या कामावर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आग विझवणाऱ्या स्प्रिंक्लरच्या पाइपलाइनचं काम चालू होतं, बास्केट बारा-तेरा मीटरवर. पुढच्या पॉइंटला जायचं होतं, अंतर दहा फूट. बूम खाली घेऊन परत वर न्यायला वेळ जातो, म्हणून ऑपरेटरने वरूनच मशीन पुढे घेतलं. मुरमाखाली एका चेंबरचं झाकण दबलं होतं, ते मोडलं आणि पुढचं चाक आत गेलं. खालून बघताना चाक फार गेलं असं वाटलंही नाही, वीतभर असेल. वर मात्र बास्केट आधी खाली बसली आणि मग उसळली. फिटरचे दोन्ही पाय सुटले, छातीपर्यंतचं अंग वरच्या रेलिंगबाहेर गेलं आणि तिथे लॅन्यार्डने त्याला धरलं. त्याच्या हातातला पाना मशीनपासून सहा-सात मीटर लांब येऊन पडला. मी तो उचलला तेव्हा तो पाना कुठून कुठे आला, हेच बघत राहिलो. ऑपरेटरने हार्नेस घातला होता, पण हुक स्वतःच्याच छातीच्या पट्ट्याला अडकवून ठेवला होता. तो कंट्रोल बॉक्सवर आपटला, मनगट मोडलं, आणि त्या बॉक्समुळेच आत राहिला.

फिटरच्या मांड्यांवर पट्ट्याचे काळेनिळे वळ आठवडाभर होते. मला म्हणाला, ‘साहेब, हुक सवयीनं लावला होता. आठवणीनं नाही.’

त्या रात्री मी कागदावर मांडून पाहिलं. समजा, दोन चाकांमधलं अंतर अडीच मीटर, चाक दहा सेंटीमीटर खाली गेलं, बास्केट अठरा मीटरवर. तर मशीन जेवढ्या कोनात झुकतं, त्यात वरची बास्केट जवळजवळ बहात्तर सेंटीमीटर बाजूला फेकली जाते. बूम लवचिक असल्यामुळे बसणारा झोका यात धरलेलाच नाही. गोफणीत दगड ठेवावा तसा माणूस त्या टोकाला असतो. तुळईखाली अडकलेली बास्केट अचानक सुटली तरी हेच होतं. कठडा अशा वेळी पुरत नाही, कारण माणूस तोल जाऊन पडत नसतो, तो वर उडवला जातो.

सिझर लिफ्टबद्दल तुमचं बोलणं मी मान्य करतो. ती सरळ वर जाते, तिला ही गोफण नाही. ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेचे नियमसुद्धा हाच फरक करतात: बूमवर हार्नेस आणि लॅन्यार्ड सक्तीचा, सिझर लिफ्ट मात्र चाकांच्या परांचीत मोडते आणि तिथे मुख्य संरक्षण कठड्याचं. माझं ‘कोणतीही लिफ्ट’ हे वाक्य सरसकट होतं, ते आज दुरुस्त करतोय. फक्त कठडा शाबूत हवा, फाटकाची कडी बसलेली हवी आणि कोणी मधल्या पाइपवर पाय देऊन उभं राहता कामा नये. माणूस मधल्या पाइपवर चढला की वरचा पाइप त्याच्या गुडघ्याशी येतो, मग तो कठडा राहतच नाही. मॅन्युअलमध्ये अँकर पॉइंट दिला असेल तर त्याप्रमाणे लावा. नसेल तर रेलिंगला हुक मारू नका. बाहेर पडलेल्या माणसाच्या झटक्याने हलकी सिझर लिफ्ट आडवी होऊ शकते.

तिसऱ्या आक्षेपावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. लिफ्ट कलंडली तर बेल्ट वाचवेल, असं मी कधीच म्हणणार नाही. पण उडी मारून वाचता येईल हेही खरं नाही. बारा मीटरवरून जमिनीवर यायला दीड सेकंद लागतो आणि वेग होतो ताशी पंचावन्न किलोमीटर. शिवाय लिफ्टही त्याच बाजूला येत असते. कलंडण्यावर उपाय जमिनीवरच करावा लागतो. चेंबर, भराव, उतार आधी चालत जाऊन बघायचे. बास्केटच्या प्लेटवर लिहिलेलं वजन पाळायचं, आणि त्यात पाइपाचं वजनही धरायचं. बाहेर वापरायच्या बऱ्याच मशीनना वाऱ्याची मर्यादा सेकंदाला साडेबारा मीटर असते, म्हणजे ताशी पंचेचाळीस किलोमीटर. आत वापरायच्या काही मशीनना ती शून्य असते. आणि बास्केटला फ्लेक्स किंवा पत्रा बांधला की त्याचं शीड होतं.

एका बाबतीत तुमचीच बाजू मी आणखी पुढे नेतो. नदीवर, धक्क्यावर, पाण्याच्या कडेला काम असेल आणि लिफ्ट पाण्यात जाण्याचा धोका असेल, तर तिथे माणसाला बास्केटला बांधायचं नाही, लाइफ जॅकेट द्यायचं. म्हणजे बेल्ट डोळे मिटून लावायची वस्तू नाही, हे तुमचं मूळ म्हणणं खरंच आहे.

आता फोटोबद्दल. मला ते लागलं, कारण असे फोटो मीही पाहिलेत: मांडीचे पट्टे गुडघ्यापर्यंत लोंबतायत, डी-रिंग कमरेला आलीय, पट्ट्यावर वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं, आणि हुक पर्लिनला, म्हणजे छपराच्या आडव्या लोखंडी वाशाला. हे शेवटचं सगळ्यात वाईट. हुक पर्लिनला असताना खालच्या माणसाने बास्केट उतरवली, तर तोच पट्टा माणसाला बास्केटबाहेर खेचतो. हुक बास्केटच्या अँकर पॉइंटलाच हवा.

कामगार ऐकत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझा अनुभव असा की लांब लॅन्यार्ड पायात येतो, म्हणून पोरं तो काढतात. आखूड दिला तर तक्रार कमी होते. आणि वर माणूस बेशुद्ध झाला किंवा पट्ट्यावर लटकला, तर खालच्या कंट्रोलवरून बास्केट उतरवणारा माणूस जवळ हवा. पट्ट्यावर लटकलेल्या माणसाकडे फार वेळ नसतो, पायांत रक्त साचू लागतं. खालच्या हेल्परला सांगा, ‘बास्केट उतरवून दाखव.’ मी जिथे जातो तिथे पहिलं हेच करायला लावतो, आणि बऱ्याच ठिकाणी हेल्पर चावी शोधत राहतो, कारण चावी ऑपरेटरच्या खिशात, वर.

तुमच्याकडे आता भाड्याने कोणती मशीन आहेत ते कळवा. मॉडेल नंबर आणि अँकर पॉइंटजवळच्या स्टिकरचा फोटो पाठवलात, तर मॅन्युअल बघून कोणत्या लांबीचा लॅन्यार्ड घ्यायचा ते मी सांगतो.