राउटरचे किती वाजले?

वीज जाऊन परत आली की आमच्या राउटरमध्ये १ मार्च १९९३ची मध्यरात्र होते. बाहेर दुपार असो की संध्याकाळ, त्याचं आपलं एकच: सोमवार, १ मार्च, बारा वाजून शून्य मिनिटं. (त्या दिवशी खरंच सोमवार होता. मी पाहिलं. वाराच्या बाबतीत गडी पक्का आहे.) घरोघरचे साधे राउटर अशा वेळी बहुधा १ जानेवारी १९७०ला जाऊन बसतात, कारण युनिक्स नावाच्या संगणक-प्रणालीच्या घराण्यात सेकंद मोजायला तिथूनच सुरुवात होते. आमचा राउटर एका ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला, म्हणून त्याचा भूतकाळ तेवीस वर्षांनी ताजा.

तो आणला मेहुण्याने. मेहुणा नेटवर्क इंजिनिअर आहे. "दाजी, असला राउटर कुणाच्या घरात सापडायचा नाही," असं म्हणत त्याने तो कपाटावर चढवला. पंखा सुरू झाला आणि घरात न सापडण्याचं एक कारण लगेच सगळ्यांच्या कानावर आलं.

आता राउटरला वेळ कळली नाही म्हणून खरं तर कुणाचं काही बिघडत नाही. डेटाची पॅकेट इकडून तिकडे सरकवायला घड्याळ लागत नाही. आमचं बिघडलं ते बायकोने केलेल्या कायद्यामुळे. रात्री अकरा ते सकाळी सहा घरात इंटरनेट बंद. मुलगी रात्रभर जागते, हे कारण जाहीर झालं. मीही जागतो, हे जाहीर झालं नाही, पण कायदा सर्वांना सारखा. मेहुण्याने तो राउटरमध्ये घातला आणि राउटरने तो निष्ठेने पाळला. सकाळी दहाला वीज आली की त्याच्या हिशेबी मध्यरात्र, म्हणजे पुढचे सहा तास घराने झोपावं. तिकडे मीटिंगमध्ये साहेब माझ्या नावाने हाका मारताहेत, आणि "आमच्या राउटरच्या मते आत्ता रात्रीचे सव्वाबारा झालेत" हे कारण साहेबांना देता येत नाही.

त्यातही हा राउटर प्रामाणिक आहे, हे मान्य करायला हवं. वीज आल्या आल्या त्याला वेळ विचारली की तो उत्तराच्या आधी एक चांदणी छापतो. त्या चांदणीचा अर्थ, ही वेळ भरवशाची नाही. १९९३ सांगतो, पण सांगतानाच हात वर करतो. आणि नियम मात्र त्याच वेळेने चालवतो. चांदणी स्वतःसाठी नाही, ती फक्त आपल्यासाठी.

हाताने वेळ लावता येते. पण आत बॅटरीवर चालणारं घड्याळच नसल्याने ती पुढच्यांदा वीज जाईपर्यंतच टिकते. मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, हाताने कुठवर लावत बसणार? एनटीपी लावा. एक ओळ आहे."

नेटवर्कवाल्यांच्या 'एक ओळ आहे'मध्ये किती संध्याकाळी मावतात, यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा.

एनटीपी म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल. १९८५ साली डेव्हिड मिल्स यांनी तो मांडला. पुढे ते डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि इंटरनेटवरच्या अगदी सुरुवातीच्या राउटरांपैकी काही त्यांनीच घडवलेले, तेव्हा या जमातीचे नखरे त्यांना ठाऊक असणारच. ओळ खरोखर एकच निघाली: एनटीपी सर्व्हर आणि पुढे त्याचा पत्ता. मी ती टाइप केली, एंटर दाबलं आणि वेळ विचारली. १९९३. परत विचारली. १९९३, चांदणीसकट. एनटीपीची हालहवाल विचारणारी कमांड दिली तर उत्तर आलं की घड्याळ जुळलेलं नाही, स्ट्रॅटम १६.

सोळा हा आकडा ऐकायला बरा वाटतो. पण या जगात उतरंड उलटी आहे. शून्यावर अणुघड्याळं आणि जीपीएस. त्यांना थेट जोडलेले सर्व्हर स्ट्रॅटम एक, त्यांना विचारणारे दोन, असं करत पंधरापर्यंत. सोळा म्हणजे रांगेत नावच नाही.

"थांबा जरा," मेहुणा म्हणाला. "तो एवढ्यात विश्वास ठेवत नाही."

मला वाटत होतं की राउटर सर्व्हरला विचारतो किती वाजले, सर्व्हर सांगतो, विषय संपला. माणसं असंच करतात. राउटर मात्र नव्याने नेमलेल्या तपासनिसासारखा वागतो. पॅकेट पाठवताना त्यावर आपली वेळ टाकतो. सर्व्हर ते मिळाल्याची वेळ टाकतो, उत्तर धाडल्याची वेळ टाकतो, आणि उत्तर हातात पडल्यावर हा पुन्हा आपली वेळ नोंदवतो. अशा चार नोंदींवरून प्रवासात किती वेळ गेला आणि आपलं घड्याळ किती चुकलंय, हे तो काढतो. या हिशेबात एकच गोष्ट गृहीत धरलेली असते, की जायला जितका वेळ लागला तितकाच यायला लागला. एवढ्या संशयी यंत्राने नेमक्या याच बाबतीत इतकं भाबडं का असावं? ऑफिसला जाणाऱ्या आणि ऑफिसातून येणाऱ्या कुठल्याही माणसाने हे गृहीतक हसण्यावारी नेलं असतं.

बरं, एकदा विचारून भागत नाही. साधारण चौसष्ट सेकंदांनी पुन्हा, मग पुन्हा. विचारपूस कुठवर आली, ते एका रकान्यात दिसतं. तिथे आधी १ होता, मग ३ झाला, मग ७. मी मनात म्हटलं, पुढे पंधरा. आला १७. त्यानंतर ३७, मग ७७. हा काय पाढा आहे ते मला उमगेना. मुलगी मागून डोकावून म्हणाली, "बाबा, ऑक्टल आहे ते, शून्य ते सात एवढ्याच अंकांत लिहितात. शेवटच्या आठ प्रश्नांपैकी कशाकशाची उत्तरं आली, ते आठ बिटांत लिहिलंय. ३७७ आलं की आठही आली." एवढं कळणाऱ्या मुलीचं इंटरनेट बंद करण्यासाठी मी हा खटाटोप करत होतो.

मी मेहुण्याला म्हटलं, दर सेकंदाला विचारायला सांग ना त्याला, लवकर उरकेल. त्यावर त्याने मला २००३ची गोष्ट ऐकवली. नेटगिअर कंपनीच्या काही राउटरांमध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या एनटीपी सर्व्हरचा पत्ता कारखान्यातूनच कोरलेला होता. उत्तर मिळालं नाही की हे राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारायचे. असे राउटर लाखांनी विकले गेले होते. विद्यापीठाला आधी वाटलं की कुणीतरी हल्ला केलाय. तो हल्ला नव्हता, सगळ्यांना फक्त किती वाजले ते हवं होतं. एवढं ऐकून मी चौसष्ट सेकंद गुमान मोजायला लागलो.

मधल्या वेळात मी तपशिलाची कमांड देऊन पाहिली. राउटरने त्या सर्व्हरच्या नावापुढे लिहिलं होतं: इन्सेन, इनव्हॅलिड. ज्याच्या घड्याळात १९९३ साल चालू आहे, तो अणुघड्याळाशी नातं सांगणाऱ्याला इन्सेन म्हणतो! मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "त्याला काय बोलतोस, आपल्याकडे सगळे असंच करतात," आणि यातले सगळे कोण, हे विचारायचं मी टाळलं.

संगणकांवर चालणारा एनटीपीचा मूळ प्रोग्रॅम तर याहून मानी. नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याला आपल्या आणि सर्व्हरच्या वेळेत हजार सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला, तर तो घड्याळ हाताने लावा असं सांगून चक्क बंद पडतो. म्हणजे वेळ जवळपास बरोबर असेल तरच तो ती बरोबर करून देणार.

मेहुण्याचा पुढचा आग्रह, सर्व्हर एकच नको, चार द्या. मी म्हटलं दोन देतो. "दोन कधीच नाही, दाजी. दोघांनी वेगवेगळी वेळ सांगितली तर खोटं कोण बोलतंय ते कळणार कसं? तीन असले तर दोघांचं जुळतं आणि तिसरा उघडा पडतो. चौथा एवढ्यासाठी, की एखादा बंद पडला तरी तीन उरावेत." खोटी वेळ सांगणाऱ्याला एनटीपीच्या भाषेत फॉल्सटिकर म्हणतात. त्याला न सांगता, न भांडता बाजूला ठेवण्याची सोय प्रोटोकॉलमध्येच आहे. ही सोय इतरत्रही हवी होती, असं माझं प्रामाणिक मत.

तर चार दिले. ३७७ आलं. सर्व्हर सेन झाले, चांदणी गेली, आमचा स्ट्रॅटम १६वरून ३वर आला. एवढी बढती मला नोकरीत मिळालेली नाही. मी समाधानाने झोपलो.

त्या रात्री इंटरनेट पहाटे साडेचारला बंद झालं आणि सकाळी साडेअकराला सुरू झालं.

याचं कारण, एनटीपी तुमच्या गावची वेळ देतच नाही. तो देतो यूटीसी. जगात सगळ्यांना तीच एक वेळ, आणि पुढचं ज्याचं त्याने पाहावं. आमचं घर यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे राउटरचे अकरा वाजायला आमची पहाट उजाडली. टाइम झोन सांगायला आणखी एक ओळ लागते, आणि ती 'एक ओळ आहे' म्हणणाऱ्याने मोजलेली नव्हती. मुलीला हे नवं वेळापत्रक मनापासून पटलं होतं. "बाबा, चालतंय ना आता? उगाच हात लावू नका," असा सल्लाही मिळाला. मी हात लावला.

तेव्हापासून राउटरची वेळ काही मिलिसेकंदांच्या फरकाने बरोबर असते. वीज जाते, येते, तो पाच-सात मिनिटं १९९३मध्ये घालवतो, मग चार जणांकडे चौकशी करून वर्तमानात परततो. रात्री अकराच्या ठोक्याला इंटरनेट बंद. परवा ते बंद झालं तेव्हा बायकोच्या मालिकेत खुनी कोण ते सांगायला इन्स्पेक्टरने तोंड उघडलं होतं. इन्स्पेक्टर तसाच थिजला आणि त्याच्या नाकावर ते गोल चक्र फिरायला लागलं.

"अरे, पाच मिनिटं मागे लाव ना त्याचं घड्याळ."

मी समजावलं, की मागे लावता येईल, पण थोड्याच वेळात तो चौघांना विचारून पुन्हा पुढे आणेल. भिंतीवरचं घड्याळ आपलं ऐकतं, हे आता ऐकणार नाही.

"चौघं कोण?"

"सर्व्हर. ते जीपीएसला विचारतात."

ती इन्स्पेक्टरकडे पाहत क्षणभर थांबली. "मग घड्याळ राहू दे. कायदा साडेअकराचा कर. आणि तिला सांगू नकोस."

आतल्या खोलीतून आवाज आला, "ऐकू येतंय, आई."