रेंडलशमचे दिवे आणि माझी खुर्ची: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर 1980 मध्ये इंग्लंडमधील रेंडलशमच्या जंगलात शेजारच्या अमेरिकी हवाई तळावरील सैनिकांना जे गूढ दिवे दिसले, ते दीपगृहाचे होते असे मी एका लेखात लिहिले होते. त्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. "पुण्यात खुर्चीत बसून, प्रशिक्षित लष्करी अधिकाऱ्यांना साधे दीपगृह ओळखता आले नाही असे लिहायला काही लागत नाही," हे तिचे पहिलेच वाक्य. पुढे तीन आक्षेप आहेत: त्या रात्री जंगलात गेलेले अधिकारी हॉल्ट यांचे पद चुकले, तिथे मोजलेल्या किरणोत्साराच्या नोंदी मी टाळल्या आणि हॉल्ट यांना दीपगृह त्या गूढ दिव्याहून वेगळे दिसत होते हे दडवले. पदाबाबत आपले बरोबर आहे. लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट तळाचे प्रमुख नव्हते, उपप्रमुख होते. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता खुर्चीविषयी. मतभेदाला माझी मुळीच ना नाही. परंतु समोरच्याने आयुष्यात काय पाहिले आहे याची यत्किंचितही माहिती नसताना आधी त्याची लायकी काढायची आणि मग मुद्द्याकडे वळायचे, ही रीत मला मान्य नाही. आपल्याला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, माझे बालपण कोकणात, दीपगृहाचा झोत अंगणावरून फिरत जाई अशा गावात गेले. सातवीत असताना एका रात्री सुरूच्या बनातून एकटा घरी येत होतो. वाट थोडी चुकली आणि नेहमीपेक्षा वेगळ्या अंगाने बाहेर पडू लागलो, तेव्हा खोडांच्या मधून एक दिवा माझ्या बरोबरीने चालू लागला. मी थांबलो की तो थांबे, मी निघालो की एका खोडाआड जाऊन दुसऱ्या खोडापलीकडे निघे. चपला तिथेच टाकून मी पळालो. आजीने देवचार म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. वडिलांनी मात्र दुसऱ्या रात्री हाताला धरून मला त्याच जागी उभे केले आणि दोन झोतांमधले आकडे मोठ्याने मोजायला लावले. जे दीपगृह मी जन्मापासून पाहत होतो, तेच मला ओळखता आले नव्हते. यात माझा अपमान झाला असे मला तेव्हाही वाटले नाही.

इंग्लंडच्या सफक परगण्यातील त्या जंगलातही हेच मोजायचे आहे. ऑर्फर्डनेसचे दीपगृह तिथून सुमारे 8 किलोमीटरवर होते आणि त्याचा झोत दर 5 सेकंदांनी येत असे. 28 डिसेंबर 1980 च्या पहाटे हॉल्ट यांनी जंगलात जी ध्वनिफीत भरली, तिच्यात लुकलुकणारा दिवा पुन्हा दिसल्याचे उद्गार ऐकू येतात, आणि त्यांतले अंतर 5 सेकंदांचे आहे. शिवाय, 26 तारखेच्या पहाटे दिव्यामागे गेलेल्या सुरक्षारक्षकांपैकी दोघांनी आपल्या लेखी जबानीत स्वतःच म्हटले आहे, की सुमारे दोन मैल चालल्यावर आपण ज्याचा माग काढत होतो तो दूरवरचा फिरता दिवा निघाला. एकाने तर दीपगृह हाच शब्द वापरला आहे. म्हणजे ज्या सैनिकांचा मी अपमान केला असे आपण म्हणता, त्यांचेच म्हणणे मी लिहिले. त्यांना खोटारडे मी कुठेही म्हटलेले नाही. आपण लेख पुरता वाचला असता तर हे दिसले असते. पण प्रतिक्रिया रात्री 1 वाजून 10 मिनिटांनी लिहिलेली आहे, तेव्हा त्याबद्दल फार ताणत नाही.

प्रशिक्षण म्हणजे दृष्टिभ्रमापासून अभय नव्हे. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात लडाखच्या सीमेवर आपल्याच सैन्याने आकाशातील तेजस्वी वस्तूंच्या 329 नोंदी केल्या होत्या आणि ती चिनी टेहळणी विमाने असावीत असा संशय होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिले तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. त्या जवानांच्या निष्ठेवर त्यामुळे कोणी बोट ठेवले का? त्यांनी जे दिसले ते नोंदवले, ज्यांचे काम होते त्यांनी ते तपासले.

उरलेले दोन आक्षेप थोडक्यात. किरणोत्साराचे आकडे यंत्राच्या मापपट्टीच्या अगदी तळाचे आहेत आणि त्यावर उगाच शाई वाया घालवण्याची माझी इच्छा नाही. दीपगृह वेगळे दिसत होते, हे हॉल्ट यांनी नंतर सांगितलेले आहे. ध्वनिफितीत दीपगृहाचा उल्लेख नाही. घटनेनंतर दोन आठवड्यांनी, 13 जानेवारी 1981 रोजी त्यांनी लिहिलेल्या टिपणात तारखासुद्धा एकेक दिवसाने चुकल्या आहेत, तेव्हा कोणत्या साक्षीला किती वजन द्यायचे ते आपणच ठरवा.

ती ध्वनिफीत आजही ऐकायला मिळते. घड्याळ समोर ठेवून एकदा ऐका, आणि अंतर 5 सेकंदांचे भरले नाही तर अवश्य लिहा. मी लेख मागे घेईन. फक्त त्या वेळी खुर्ची वगळा.