यीस्टच्या लेकी आणि रेड वाइनचा ग्लास

“द्राक्षातल्या रेझवेराट्रॉलने दीर्घायुष्याचं एन्झाइम चालू होतं. यीस्टचं आयुष्य ७० टक्के वाढलं. रोज ग्लासभर रेड वाइन घ्या. औषध कंपन्या हे दडवतात.” हा मजकूर कित्येक वर्षं फिरतोय. निव्वळ थाप असती तर सोडून दिला असता.

७० टक्क्यांचा आकडा खरा आहे. २००३ साली हॉविट्झ, सिंक्लेअर आणि सहकारी संशोधकांनी तो ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापला. पण आयुष्य म्हणजे इथे काय? यीस्टची आई-पेशी मरेपर्यंत किती लेकी देते, तेवढंच. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने प्रत्येक नवी लेक बाजूला सारायची, वहीत रेघ ओढायची. वीस-पंचवीस रेघांत आई सहसा संपते. २००५ साली केबरलाइन आणि सहकाऱ्यांनी तीन वेगळ्या वाणांवर हेच केलं. रेघा वाढल्या नाहीत.

मग एन्झाइम चालू झालं ते कसं? इथेच खरी गोम आहे. प्रथिनांवरचा अॅसिटिल गट, म्हणजे एक छोटी रासायनिक खूण, काढणारं हे एन्झाइम. यीस्टमध्ये सर२, माणसात सर्ट१. त्याचं काम मोजता यावं म्हणून प्रथिनाच्या तुकड्याला एक चमकणारा रंग जोडला होता. रंगाशिवायचा तुकडा दिला तेव्हा रेझवेराट्रॉलचा प्रभाव दिसेना. पारड्याखाली चिंच चिकटली होती म्हणायची, फक्त ती कोणी मुद्दाम लावलेली नव्हती. पुढे २०१३ साली सिंक्लेअर यांच्याच गटाने दाखवलं की काही ठरावीक नैसर्गिक तुकड्यांवर सर्ट१ला खरंच जोर येतो. तेव्हा वाद पुरता मिटलेला नाही, हे मान्य.

छोट्या रेणूने एन्झाइम जागं होतं, यात नवल काहीच नाही. साखर फोडताना मधल्या टप्प्यावर तयार होणारं फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट यीस्टच्या पायरुव्हेट कायनेज या शेवटच्या पायरीवरच्या एन्झाइमला जागं करतं: वरून माल येतोय, शेवटची पायरी मोकळी ठेव. साखर संपली की हा निरोपही थांबतो. त्यासाठी बाहेरून काही प्यावं लागत नाही.

वाइनचं गणित तर दोन ओळींचं. २००६ साली भरपूर चरबी खाऊ घातलेल्या उंदरांना फायदा दिसला तो रोज किलोमागे सुमारे २२ मिलिग्रॅमला. साठ किलोच्या माणसाला सरळ हिशेबाने १३०० मिलिग्रॅम. वाइनमध्ये लिटरला साधारण काही मिलिग्रॅम. म्हणजे रोज शेकडो लिटर. साध्या आहारावरच्या उंदरांचं आयुष्य तर वाढलंच नाही.

आणि दडवण्याचं म्हणाल, तर ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीनेच सर्ट१ला जागं करणारे रेणू शोधणारी सर्ट्रिस ही कंपनी २००८ साली ७२ कोटी डॉलरला विकत घेतली. २०१३ साली तिच्या कार्यालयाला कुलूप लावलं.