पायलट फुकट लिहू नका

"ताई, एका प्रॉडक्शन हाऊसने पायलट लिहायला सांगितलंय. पैशांचं काहीच बोलले नाहीत. मी नवीन आहे, विचारलं तर काम हातचं जाईल का?"

टीव्ही मालिकेचं पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुन्याचा भाग, लिहायला बसलेल्यांचे असे मेसेज मला सतत येतात. बहुतेक मुलं-मुली एकांकिका स्पर्धांतून आलेली. कोणी पुण्यात पुरुषोत्तम करंडक गाजवलेला असतो, कोणी सोलापूर-सावंतवाडीकडून बॅग उचलून गोरेगावात चौघांत खोली करून राहिलेली असते. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते, कारण माझं उत्तर सगळ्यांना एकच आहे: विचारा. लिहायला बसायच्या आधी विचारा.

बाहेरून बघणाऱ्याला पायलट म्हणजे मालिकेचा पहिला भाग वाटतो. आपल्याकडे त्या एका भागाआधी काय काय लिहून मागतात ते बघा. आधी एका पानाची कन्सेप्ट. ती आवडली की पात्रांची सविस्तर टिपणं. मग पहिल्या पंधरा-वीस भागांचे वन-लाइनर (प्रत्येक भागात काय घडतं ते थोडक्यात), सहा महिन्यांचा ट्रॅक (गोष्ट पुढे कशी जाणार ते), पहिल्या भागाची पटकथा, संवाद. मग चॅनेलमध्ये नरेशन, म्हणजे गोष्ट तोंडी सांगणं, त्यावर आलेल्या सूचना, पुन्हा नरेशन. दरम्यान लूक टेस्ट, नायिका बदलते, नायिका बदलली की तिच्या आईचं वय बदलतं, आणि तेही लेखकानेच निस्तरायचं. शूटपर्यंत कित्येक महिने जातात. एवढं सगळं 'संधी' या एका शब्दावर करून घेतलं जातं.

गेल्या वर्षी मढच्या एका बंगल्यावर पायलटचं शूट होतं, ओळखीच्या मुलाने लिहिलेलं. मी नुसती बघायला गेले होते. गोष्ट कोल्हापूरची होती. अकराच्या सुमारास ईपीला (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला) चॅनेलमधून फोन आला, त्याच वेळेच्या पट्ट्यात आधीच एक कोल्हापूरची मालिका आहे, ही नाशिकला न्या. कॅमेरा लागलेला, लाइट झालेलं. तो मुलगा मागच्या पायरीवर, जनरेटरच्या आवाजात, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला. पंचगंगेचा घाट काढून गोदाघाट घातला की झालं, इतकं ते सोपं नसतं. "आलोय की" म्हणणारा बाप नाशिकचा झाला की त्याची बोलण्याची लय जाते, लेकीला दटावण्याची पद्धत जाते, त्यावर बेतलेला, प्रेक्षकाला धरून ठेवणारा सीनच्या शेवटचा हुक जातो. जेवणाच्या ब्रेकपर्यंत त्याने सगळा भाग पुन्हा लिहून दिला, आणि चांगला लिहिला. त्या दिवशी कॅमेरामनला शिफ्टचे पैसे लागू होते, मेकअपदादांना होते, स्पॉटदादांना होते, जनरेटरचं भाडं होतं, बंगल्याचं भाडं होतं. लेखकाला काही नव्हतं. पायलट पास झालं नाही, आणि त्याचा विषय तिथेच संपला.

निर्मात्यांची बाजू मला माहीत आहे. पायलट करायचं तर त्यांचेही पैसे अडकतात, त्यातली थोडीच मालिका होतात. मान्य. पण जोखीम सगळ्यांची असेल तर ज्याच्या खिशात सगळ्यात कमी आहे त्याच्याकडून सगळं काम फुकट कसं घ्यायचं? ठरावीक रक्कम लिहिण्याआधी द्या, मालिका सुरू झाली तर ती पहिल्या भागांच्या मानधनातून वळती करून घ्या. हे अजिबात अवघड नाही. अमेरिकेत नेटवर्कसाठी करारावर पायलट लिहिणाऱ्या लेखकाला ते पुढे मालिका झालं नाही तरी लिहिण्याचे पैसे मिळतात, कारण तिथे लेखकांच्या संघटनेचा किमान दराचा करार आहे. तो टिकवायला आणि सुधारायला ते लोक २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर बसले. आपल्याकडे अंधेरीत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, किमान कराराची मागणी तीही करते आहे, आणि आपल्यातले कितीतरी जण अजून सभासदसुद्धा झालेले नाहीत. याचा मला मनापासून राग येतो.

सभासद व्हा. लिहिलेलं तिथे ऑनलाइन नोंदवता येतं. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहून काढलेल्या मजकुरावर असतो, म्हणून तोंडी नरेशन देण्याआधी कागद तयार पाहिजे. कोणाला काय पाठवलं ते ईमेलने पाठवा, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट टाकून मोकळे होऊ नका. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क ठरावीक बाबतींत करारानेही सोडून देता येत नाही. तरी 'सर्व हक्क कायमचे सोडत आहे' अशा ओळी करारात राजरोस असतात. सही करण्याआधी वाचा.

आता या क्षेत्रात यावं का, हेही बरेच जण विचारतात. यावं. मला हे काम आवडतं आणि त्याला कमी लेखणाऱ्यांशी मी वाद घालते. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी साधारण बावीस मिनिटं, म्हणजे दर आठवड्याला एका पूर्ण सिनेमाएवढा मजकूर. कथा, पटकथा आणि संवाद बहुतेक वेळा वेगवेगळी माणसं लिहितात, म्हणून दुसऱ्याच्या सीनवर आपलं काम उभं करता आलं पाहिजे. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्ही किती लोकांनी बघितला ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात आणि मागच्या आठवड्यात लिहिलेला ट्रॅक बदलतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा युनिटं गोव्याला, सिल्वासाला गेली. मग गोव्यातही शूटिंग थांबलं. त्या काळात ज्यांनी एका रात्रीत सबंध कुटुंब 'गावच्या घरी' नेऊन गोष्ट तुटू दिली नाही, त्यांची कारागिरी मी जवळून पाहिली आहे. पायलटमध्ये यातलं काहीच दिसत नाही. म्हणून पायलट पास झालं नाही तर आपल्याला लिहिता येत नाही असा अर्थ काढू नका. स्लॉट (प्रक्षेपणाची वेळ), चेहरा, शेजारच्या चॅनेलची मालिका, अशा कितीतरी कारणांनी ते अडतं.

माझं मत विचाराल तर पहिल्याच वर्षी स्वतःच्या पायलटच्या मागे लागू नका. एखाद्या चालू मालिकेच्या संवादलेखकाकडे सहायक म्हणून बसा. एडिटवर जा, आपला सीन कुठे कापला जातो ते बघा. लिहिलेल्या भागाचे पैसे हातात यायला नव्वद दिवस लागतात ही इथली रीत आहे, तेव्हा तीन-चार महिन्यांचं भाडं बाजूला असल्याशिवाय चालू नोकरी सोडू नका.

आणि पैसे कसे विचारायचे, तर असे: "सर, पायलटच्या लेखनाचं मानधन किती असेल आणि कधी मिळेल, तेवढं मेलवर कळवाल का?" यात उद्धट काही नाही. यावर कोणी काम काढून घेतलं, तर ते काम पुढेही फुकटच करावं लागलं असतं.

हातात करार आलाय आणि कलमं कळत नाहीत, असं असेल तर नाव-रक्कम झाकून मला इनबॉक्स करा. रविवारी दुपारी मी वाचते. वकील नाही, पण कुठल्या ओळीवर थांबून विचारायचं ते सांगू शकते. सीनियर लेखकांपैकी अजून कोणी असा वेळ देणार असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, मुलांना तुमच्याकडेही पाठवीन.